आधी भिंतीला विचारा, मग चित्र काढा : चोपड्याच्या ताईंना आभाराचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

बर्लिनच्या क्लबात व्हिडिओची सगळी जोडणी सांभाळून तुम्ही जळगाव, धुळे, अमळनेरच्या आम्हा व्हीजे (संगीताच्या तालावर पडद्यावर चित्रं चालवणाऱ्या) पोरापोरींना जे शिकवलंत, त्यासाठी हे पत्र. तिकडे रात्रीचा एक वाजतो तेव्हा इकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. त्या वेळेला तुमचे व्हॉइस मेसेज येत, आणि त्यात कधी घाई जाणवली नाही. पत्र उघडं लिहितोय, कारण उद्या शहादा-नंदुरबारकडचं कुणी लॅपटॉप घेऊन परदेशातल्या क्लबात व्हिज्युअल्स करायला निघालं, तर त्यालाही ही शिदोरी मिळावी.

सगळ्यात मोठं ऋण एका वाक्याचं आहे: आधी भिंतीला विचारा, मग चित्र काढा. भिंत म्हणजे एलईडी वॉल. लग्नाच्या मांडवात आपण १९२० बाय १०८० पिक्सेलचं चित्र सोडून देतो आणि वॉलवाला ते बसवून घेतो. क्लबातली भिंत आडवी, लांबट, कधी डीजेच्या मागे तुकड्यातुकड्यांत लावलेली असते. म्हणून महिनाभर आधी क्लबला चार गोष्टी विचारायच्या: भिंत किती पिक्सेलची, सिग्नल एचडीएमआयने (लॅपटॉप-टीव्हीची नेहमीची केबल) घेता की एसडीआयने (लांब अंतराची व्हिडिओ केबल), चित्र सेकंदाला ५० वेळा बदलतं की ६० (हर्ट्झ), आणि व्हीजे उभा कुठे राहणार. ३.९ पिचच्या (दोन पिक्सेलमध्ये ३.९ मिलिमीटर अंतर) अर्ध्या मीटरच्या एका कॅबिनेटमध्ये, म्हणजे भिंतीच्या एका चौकोनी तुकड्यात, १२८ बाय १२८ पिक्सेल बसतात. आडवी आठ आणि उभी चार लावली की १०२४ बाय ५१२, म्हणजे ५,२४,२८८ पिक्सेल. भिंतीला चित्र पुरवणाऱ्या नोव्हास्टार कंपनीच्या प्रोसेसरचं एक पोर्ट ६० हर्ट्झला साधारण साडेसहा लाख पिक्सेल ओढतं, त्यामुळे एका केबलवर काम भागतं. पण आठाची दहा केली की ६,५५,३६० होतात. जेमतेम पाच हजारांनी हिशेब हुकतो आणि दुसरी केबल टाकावीच लागते. हा गुणाकार तुम्ही आमच्याकडून इतक्या वेळा करून घेतलात, की आता कॅबिनेट मोजताना तो आपोआप होतो.

भिंत कळली की चित्र बदलतं. आपल्याकडच्या केळीच्या पानाचा जवळून घेतलेला शॉट मोबाइलवर फार देखणा दिसतो. मधला दांडा आणि दोन्ही बाजूंना निघालेल्या बारीक समांतर शिरा. तोच शॉट १०२४ बाय ५१२ च्या भिंतीवर टाकला की एकेका पिक्सेलच्या त्या शिरा थरथरतात, आणि पान हललं की पाण्यावरच्या तरंगासारखे पट्टे धावतात. तुमचा उपाय सोपा होता: कॅमेरा अजून पुढे न्या, चौकटीत दहा-बाराच शिरा ठेवा, प्रत्येक शीर किमान तीन-चार पिक्सेलची होऊ द्या, आणि एक्स्पोर्टआधी अगदी हलका ब्लर मारा. आपल्या कानबाई देवीचं सजवलेलं नारळ क्लबच्या पडद्यावर नको, त्याऐवजी कापूस, केळी, तापीचं पाणी घ्या, हेही तुम्हीच सांगितलंत. आम्हाला ते मनापासून पटलं.

क्लिपच्या बाबतीत तुम्ही कडक होतात, ते बरंच झालं. मोबाइलचं फुटेज बहुतेक वेळा कमी-जास्त फ्रेम रेटचं असतं. ते आधी पक्क्या ३० फ्रेमवर आणायचं आणि मग रेझोल्यूम या व्हीजे सॉफ्टवेअरच्या अ‍ॅली या फुकट कन्व्हर्टरमधून त्याच्याच डीएक्सव्ही फॉरमॅटमध्ये काढायचं. एच.२६४ या व्हिडिओच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये बऱ्याचशा फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमवरून बांधलेल्या असतात. क्लिप उलटी फिरवली किंवा मधूनच उचलली की लॅपटॉपच्या प्रोसेसरला मागची जुळवाजुळव करावी लागते आणि भिंत अडखळते. डीएक्सव्हीची प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि तिचं ओझं ग्राफिक्स कार्ड उचलतं. फाइल कितीतरी पट जड होते, म्हणून एसएसडी हवी. पेनड्राइव्हवरून सेट करायचा नाही.

लूपचं गणितही तुमचंच. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) १६ ठोके म्हणजे बरोबर ८ सेकंद, ३० च्या वेगाने २४० फ्रेम. सगळे लूप याच मापाचे कापायचे. डीजे १२८ वर गेला की सॉफ्टवेअर तोच लूप साडेसात सेकंदांत बसवतं. सारंगखेड्याच्या यात्रेतला दौडणारा घोडा असेल तर कापताना टापेकडे बघायचं. पहिल्या फ्रेममध्ये जो पाय उचललेला, लूप संपताना तोच पाय त्याच उंचीवर हवा. नाहीतर दर साडेसात सेकंदांनी घोडा ठेचकाळतो आणि नाचणाऱ्यांच्या ते लगेच लक्षात येतं.

कन्व्हर्टर, चित्राचं माप बदलणारा स्केलर आणि भिंतीचा प्रोसेसर मिळून चारेक फ्रेमचा उशीर होतो. ६० हर्ट्झला तो ६७ मिलिसेकंद. १२८ बीपीएमचा एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा असल्यामुळे एवढी चूकही डोळ्यांना खुपते. टॅप (सॉफ्टवेअरला वेग सांगणारं बटण) बरोबर ठोक्यावरच करायचा, मग डोळे भिंतीवर ठेवून ‘नज’ (nudge) बटणाने चित्र थोडं पुढे सरकवायचं. लॅपटॉपच्या स्क्रीनवर जुळवलेलं भिंतीवर जुळलेलं नसतं.

तारांविषयी काय काय लिहावं! साधी एचडीएमआय दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची नाही. बूथपासून प्रोसेसर तीस-चाळीस मीटरवर असेल तर एसडीआयच. केबल ७५ ओहमचीच हवी. आपल्या डिश अँटेनाची केबलही ७५ ओहमची असते, फक्त तिचं टोक वेगळं. एसडीआय केबलचं बीएनसी नावाचं टोक कसं लावायचं, ते तुम्ही व्हिडिओ कॉलवर बोटं कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलंत: खाचा जुळवायच्या, सरळ आत दाबायचं, पाव फेरा उजवीकडे, आणि बोटाला अडकल्याचा हलका झटका लागला पाहिजे. झटका लागला नाही तर टोक नुसतंच टेकलेलं आहे. बास सुरू झाला की ते सुटतं, आणि नेमकं ड्रॉपच्या (गाण्यात ताल जोरात कोसळतो त्या) वेळी भिंत काळी होते.

भिंत काळी होण्याचं दुसरं कारण एचडीसीपी, म्हणजे व्हिडिओची नक्कल रोखणारं कुलूप. काही लॅपटॉप एचडीएमआयच्या सिग्नलला हे कुलूप लावूनच सोडतात आणि एसडीआय कन्व्हर्टर ते स्वीकारत नाही. मधे ईडीआयडी एम्युलेटर (लॅपटॉपला पडद्याचं माप सतत सांगत राहणारी डबी) लावला की कुणी केबल काढून पुन्हा लावली तरी लॅपटॉपचं रेझोल्यूशन जागचं हलत नाही. काळा रंग राखाडी दिसला तर आधी ग्राफिक्स कार्डची रेंज बघायची. लॅपटॉप १६ ते २३५ ची मर्यादित रेंज पाठवतोय आणि प्रोसेसर ० ते २५५ ची पूर्ण रेंज धरून बसलाय, असं असलं की अंधार कधी अंधार वाटतच नाही. क्लबात हवेत सतत धूर असतो. राखाडी भिंत तो सगळा धूर उजळवते आणि लाइटवाल्याची मेहनत पुसून टाकते. म्हणूनच ब्राइटनेस वीस टक्क्यांच्या आत, पूर्ण पांढरी फ्रेम जवळपास नाहीच, आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नाहीत, लाल तर मुळीच नाही. अपस्माराचा त्रास असलेलं कुणी गर्दीत असू शकतं, हे तुम्ही दर वेळी बजावलंत.

बाकीचं थोडक्यात. जर्मनीत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, पण प्लग वेगळा. स्वस्त ट्रॅव्हल अ‍ॅडॉप्टरला बहुधा अर्थिंग नसतं. मग लॅपटॉपची पत्र्याची बॉडी झिणझिण्या देते आणि साउंड लाइनमध्ये गुणगुण शिरते. तिकडची अर्थिंगवाली पॉवर कॉर्ड विकत घेतली की काम झालं, कारण चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतोच. पॉवर बँक १०० वॉट-अवरच्या आतली आणि केबिनच्या बॅगेत. कंट्रोलर, कॅप्चर कार्ड नेताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं, म्हणजे परत येताना आपल्याच सामानावर ड्यूटी लागत नाही. सामान मोठं असेल तर फिक्की या उद्योग-संघटनेकडून एटीए कार्ने (सामान तात्पुरतं परदेशी नेण्याचा कस्टम्सचा परवाना).

ताई, तुमच्या सगळ्या व्हॉइस मेसेजची आम्ही मिळून वही केली आहे. एक प्रत जळगावात, एक धुळ्यात. कॅबिनेटच्या गुणाकाराचं पान आताच मळलंय, ते नव्याने लिहून काढू. हिवाळ्यात चोपड्याला कधी येताय तेवढं कळवा. भरताची वांगी पऱ्हाट्यांवर भाजायला आणि कळण्याच्या भाकरी थापायला माणसं ठरलेली आहेत.

तुमचेच,
खानदेशातले व्हीजे