नव्या हद्दीच्या नकाशात पायवाटा आधी आखा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकवर आपल्या पेपरात नेहमी काही ना काही येत असतं, उड्डाणपूल, रुंदीकरण, सिग्नलचं टायमिंग, सगळ्यावर लिहून होतं. पण त्या ट्रॅफिकमध्ये पोराला शाळेत सोडायला, भाजी-दूध आणायला, क्लासला निघालेले आमच्यासारखे लोकही असतात ना, ज्यांना जायचं असतं जेमतेम एक किलोमीटर, आणि तरी गाडी काढावी लागते कारण चालत जायला वाटच ठेवलेली नाही. मला त्या वाटेबद्दल लिहायचंय.

धायरी, नऱ्हे, आंबेगाव ह्या भागात शेतं विकली गेली तशा सोसायट्या उठल्या, ज्याला जो गट नंबर मिळाला त्याने त्याभोवती कंपाउंड घातलं, मेन रोडकडे एक गेट ठेवलं आणि विषय संपला. म्हणजे गल्ली आत जाते आणि भिंतीला जाऊन थांबते, शेजारची गल्लीही तशीच, तिच्या शेजारचीही तशीच. भिंतीपलीकडची शाळा खिडकीतून दिसते, तिथली प्रार्थना ऐकू येते, पण पोराला तिथे पोचवायचं तर आधी मेन रोडला या, टँकर आणि डंपरच्या बाजूने जा, मग पुढच्या गल्लीत वळा. सरळ रेषेत 300 मीटर असेल तिथे सव्वा किलोमीटर होतो आणि तोही फुटपाथ नसलेल्या रस्त्याने. मग कुठली आई सातवीतल्या पोराला सायकल देईल? ती स्कूटीवरच सोडणार, तिची चूक नाहीये.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की इथे वाटा होत्या. पाणंदी, म्हणजे शेतांमधले जुने रस्ते होते, बांधावरून लोक ये-जा करायचे. शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे अर्ज करून दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते, 1966 चा कायदा आहे. आणि तीच जमीन एनए, म्हणजे बिगरशेती होऊन तिथे चारशे फ्लॅट झाले की पायी जाणाऱ्याला कोणी विचारतच नाही. एका शेतकऱ्याच्या बैलगाडीचा विचार करणारा कायदा आपल्याकडे आहे, मग चारशे कुटुंबांच्या पायांचा का नको?

पेठांमध्ये बघा, तुळशीबागेतून मंडईला, एका बोळातून दुसऱ्या रस्त्याला माणूस चालत आरामात निघतो, गाडीवाल्याला मात्र वळसा पडतो. नेदरलँड्समध्ये हाउटेन नावाचं गाव आहे, तिथे तर मुद्दाम असंच बांधलंय, कारने एका वस्तीतून दुसरीत जायचं तर बाहेरच्या रिंग रोडला जावं लागतं आणि सायकल मधून सरळ जाते. आपण नव्या पुण्यात नेमकं उलटं करून ठेवलंय.

2017 मध्ये 11 गावं पालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23 आली. ह्या भागाची बरीच जमीन अजून बांधायची बाकी आहे, म्हणून आत्ता बोलायला पाहिजे, एकदा आरसीसी उभं राहिलं की कोणी भिंत पाडत नाही. 4,000 चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला 10 टक्के मोकळी जागा सोडायला लावतातच ना, मग लेआउट मंजूर करताना त्याच कागदावर तीन मीटरची एक पायवाट आरपार दाखवा, फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी, आणि शेजारच्या लेआउटची पायवाट तिला येऊन मिळालीच पाहिजे अशी अट घाला. गावनकाशात जिथे पाणंद आहे तिथे तर हा प्रश्नच येऊ नये.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला की पहिलं वाक्य येतं, चोऱ्या होतील. भीती खरी आहे, ती उडवून लावण्यासारखी नाही. पण वाट सोसायटीच्या पार्किंगमधून काढायचीच नाहीये, दोन कंपाउंडच्या मधून काढायची, दोन्ही बाजूला उंच भिंतीऐवजी जाळी ठेवायची म्हणजे आत कोण चाललंय ते दिसतं, दिवे लावायचे, पाहिजे तर रात्री दहाला कुलूप लावायचं. आणि ह्या वाटेने मुलं, आजी-आजोबा आणि घरकामाला येणाऱ्या बायका दिवसभर ये-जा करणार. त्या बायका आज मेन रोडच्या कडेने, गटाराच्या झाकणांवरून चालत येतात, त्यांना तर हे सगळ्यात आधी मिळायला पाहिजे.

फुटपाथबद्दल थोडंच लिहितो कारण नियम आधीच आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शिकेत 1.8 मीटर मोकळी रुंदी आणि जास्तीत जास्त 150 मिलिमीटर उंची सांगितलीय. आपल्याकडे प्रत्येक गेटपाशी फुटपाथ तुटतो, माणूस उतरतो, चढतो, परत उतरतो, आणि कार मात्र सपाट जाते. फुटपाथ सलग एका लेव्हलला ठेवा आणि कारला छोटा रॅम्प चढू द्या, गुडघे दुखणाऱ्यांना विचारा ह्याने काय फरक पडतो. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की चालण्यायोग्य फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, राज्यघटनेचं कलम 21.

पुण्याचा सायकल आराखडा डिसेंबर 2017 मध्ये मंजूर झाला, त्यात 800 किलोमीटरपेक्षा जास्त जाळं आहे. त्यानंतर भाड्याच्या सायकली आल्या, रंगीबेरंगी, आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. माझं मत असं आहे की सायकली कमी नव्हत्या, घरापासून निघून कुठेतरी पोचेल अशी सलग वाट नव्हती. जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ रुंद केला तर लोक चालतातच, संध्याकाळी जाऊन बघा. तेच शाळेपासून सुरू करा, प्रत्येक शाळेभोवती एक किलोमीटर, आधी बंद वाटा उघडा, मग फुटपाथ, मग सायकल.

आपल्या पेपरला एक विनंती आहे. वाचकांकडून अशा बंद वाटांची ठिकाणं मागवा, कुठल्या दोन गल्ल्यांच्या मध्ये भिंत आहे, पलीकडे शाळा आहे की दवाखाना की बस स्टॉप, आणि ती यादी नकाशासकट छापा. आमच्या भागातल्या तीन-चार जागा मी स्वतः फिरून, फोटो काढून पाठवायला तयार आहे, आणि समाविष्ट गावांच्या आराखड्यावर हरकती-सूचना देताना तीच यादी आम्ही सगळे मिळून जोडू.

आपला,
एक वाचक, धायरी, पुणे