पहिलं गाणं

गावभाग, सांगली

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. मालिकेसाठी गायलेलं तुझं गाणं ऐनवेळी काढून टाकलं, आणि तेसुद्धा तुला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. फोन केला असता तर "ठीक आहे गं आई" म्हणून तू विषय बदलला असतास, म्हणून पत्रच लिहायला बसले. अप्पांच्या तबकड्यांतल्या बायकांबद्दल तुला कधीचं सांगायचं होतं, ते आज सांगते.

लतादीदींनी सिनेमासाठी गायलेलं पहिलं गाणं सिनेमात कुणीच ऐकलेलं नाही. १९४२ सालचा 'किती हसाल', सदाशिवराव नेवरेकरांची चाल, 'नाचू या गडे, खेळू सारी मनी हौस भारी' असे शब्द. दीदींना तेरावं वर्ष चालू होतं. मुलीनं सिनेमात गावं हे मास्टर दीनानाथांना फारसं रुचत नव्हतं. गाणं रेकॉर्ड झालं आणि सिनेमातून वगळलं गेलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मास्टर गेले. मग 'पहिली मंगळागौर'मधलं 'नटली चैत्राची नवलाई' आलं, दादा चांदेकरांनी बांधलेलं. लोकांच्या कानांवर पडलेलं ते पहिलं, म्हणून काहीजण त्यालाच पहिलं धरतात. मी वगळलेलं गाणंच पहिलं मानते. चाल पाठ करणं, माईकपुढे उभं राहणं, छातीत धडधडणं, सगळं त्या पोरीनं त्या गाण्यासाठी केलेलं होतं. ते लोकांनी ऐकलं नाही म्हणून झालंच नाही, असं कसं म्हणायचं?

आणि ही माणसं आपल्या गावची गं. मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळी या नाटक कंपनीचं बिऱ्हाड सांगलीत होतं, आशाताईंचा जन्म इथलाच, १९३३चा. दीनानाथ नाट्यगृहात तू शाळेच्या गॅदरिंगला गायलीस तेव्हा अप्पा तुला हेच सांगत होते, पण तुझं सगळं लक्ष गजऱ्यात होतं! आशाताईंचं पहिलं गाणं 'माझं बाळ' सिनेमातलं, 'चला चला नव बाळा', १९४३ सालचं, चाल दत्ता डावजेकरांची. दहा वर्षांची मुलगी. पुढे १९४८ला हंसराज बहल यांच्याकडे 'चुनरिया'त 'सावन आया' मिळालं, तेही एकटीचं नाही. गीता रॉय, म्हणजे पुढची गीता दत्त, आणि जोहराबाई अंबालेवाली शेजारी. जोहराबाईंचा तो भरदार, खुला आवाज तू ऐकला आहेस. त्याच्याशेजारी एका माईकवर उभं राहायचं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको.

त्या गीता रॉयचीही सुरुवात बघ. १९४६च्या 'भक्त प्रल्हाद'मध्ये हनुमान प्रसादांनी तिला गायला दिल्या दोन ओळी. दोनच. त्या ऐकून सचिनदेव बर्मन यांनी तिला 'दो भाई'साठी बोलावलं आणि सोळा-सतरा वर्षांच्या त्या मुलीनं 'मेरा सुंदर सपना बीत गया' असं म्हटलं की अजूनही ऐकताना मी हातातलं काम ठेवते. एवढ्याशा वयात ते दुःख कुठून आणलं असेल!

सुमन कल्याणपूर तर अगदी तुझ्याच वाटेवरून गेल्या. त्यांचा पहिला हिंदी सिनेमा 'मंगू', १९५४चा. संगीतकार मोहम्मद शफी यांनी त्यांच्याकडून तीन गाणी गाऊन घेतली. मग सिनेमाला संगीतकारच बदलला, ओ. पी. नय्यर आले आणि तिन्हींतलं एकच राहिलं, 'कोई पुकारे धीरे से तुझे'. ही अंगाई आहे. त्यांच्या गळ्यातला तो मऊपणा तिच्यात आधीपासूनच आहे. उरलेली दोन गेली. त्यात त्यांचं काही चुकलं होतं का? संगीतकार बदलला, एवढंच.

तुझं नाव श्रेयनामावलीत येणार नाही याचं तुला जास्त लागलंय, हे मला कळतं. नावाचं दुखणं जुनं आहे. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचा गायझबर्ग गाणी ध्वनिमुद्रित करायला आला तेव्हा सगळ्यांत आधी गायल्या त्या शशिमुखी आणि फणिबाला, नाटकातल्या दोन कोवळ्या मुली. तारीख ८ नोव्हेंबर. त्यांची नावं आज किती जणांना माहीत आहेत? त्यांच्या मागून गौहर जान आल्या आणि गाणं संपताना खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माय नेम इज गौहर जान!" तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कारागिरांना नाव कळावं म्हणून ही सोय, असं सांगतात. मला मात्र त्या स्वरात सोयीपेक्षा रुबाबच जास्त ऐकू येतो. पुढे सिनेमाच्या तबकड्यांवरून तेही गेलं. लतादीदींनी गायलेलं १९४९चं 'आयेगा आनेवाला' घे. तबकडीवर गाणारीचं नाव 'कामिनी'. म्हणजे 'महल'मध्ये मधुबालानं केलेली भूमिका! हे गाणं कुणाचं, म्हणून लोक रेडिओला विचारत सुटले होते.

आपल्याकडे तर कृष्णामाईनंच नावं धुऊन नेली. २०१९च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि अप्पांची पेटी खालच्या खोलीत बुडाली. तबकड्या लाखेच्या, पाण्याला दाद देत नाहीत, म्हणून वाजल्या. मधले गोल कागद मात्र लगद्यासारखे सुटून आले. तू तेव्हा पुण्याला होतीस. अप्पा एकेक तबकडी लावायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि नव्या खाकी पाकिटावर पेन्सिलीनं नाव लिहायचे. राजकुमारी. शमशाद. अमीरबाई. पहिल्या ओळीतच ओळखायचे. एकीचं मात्र नाव त्यांना सांगता येईना. तीन-चारदा लावली, मग पाकिटावर लिहिलं, "बाई चांगली गाते." ते पाकीट तसंच आहे. अप्पांच्या अक्षरातली ही दाद मला 'कामिनी'च्या तबकडीपेक्षा मोठी वाटते.

आणखी एक. तुझ्या आवाजाला कुणी 'अजून कच्चा' म्हटलं, असं तू लिहिलंस. १९४७-४८च्या दीदी ऐक. नूरजहाँची छाप त्यांच्या गाण्यावर स्पष्ट आहे. निर्माते शशधर मुखर्जींनी त्यांचा आवाज फार पातळ आहे म्हणून नाकारला होता, आणि संगीतकार गुलाम हैदर यांनी त्याच आवाजाला 'मजबूर'मध्ये 'दिल मेरा तोडा' दिलं. तुझ्याही गाण्यात तुझ्या गुरुजींची छाप आहे. ती आत्ताच पुसायला जाऊ नकोस, रियाज चालू ठेव.

ठरलेलं मानधन मात्र सोडायचं नाही. गाणं वापरलं नाही हा त्यांचा प्रश्न, तू गायलीस. नम्रपणे पण लेखी माग. कराराची प्रत बाबांना पाठव, ते वाचून सांगतील.

आणि रेकॉर्डिंग मला हवंय. व्हॉट्सअॅपवर नको, त्यात आवाज दबतो, मेलनं पाठव. अंतऱ्यातला पंचम नीट लागत नाही म्हणून गेल्या महिन्यात तू रडकुंडीला आली होतीस, तो शेवटी कसा लागला ते मला ऐकायचंय. बाबांनी स्पीकर जोडून ठेवलाय.

तुझी,
आई