आई-बाबा, मी फर्म सोडली आहे

तीर्थस्वरूप आई-बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईची रात्रीची झोप गेली असती. म्हणून लिहितेय. मी फर्मचा राजीनामा दिला आहे. महिनाअखेरीस शेवटचा दिवस. कुणी काढलेलं नाही, कुणाशी भांडण नाही, तब्येतही उत्तम आहे. बाहेर खूप विचार करून पडतेय.

आधी पैशाचं बोलते. 5 तारखेला येतात ते पैसे 5 तारखेलाच येतील, वर्षभराचे मी वेगळे काढून ठेवलेत. घराच्या हप्त्याचीही सोय आहे. स्वयंपाकाच्या मावशींना अजिबात बंद करायचं नाही. "आता लेकीची नोकरी नाही, कशाला खर्च" असं आई म्हणेल, ते मला इथे ऐकू येतंय. फर्मच्या मेडिक्लेममध्ये तुम्ही दोघं होतात. तो संपायच्या आधीच मी तुमच्या नावाने वेगळी पॉलिसी घेतली आहे. आणि बाबा, तुमची सत्तरी उलटली, तुम्ही आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढून घ्या. उत्पन्न कितीही असो, 70 च्या पुढच्यांना वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात. "ते गरिबांसाठी आहे" म्हणून टाळू नका. आधार कार्ड घेऊन जायचं, बस.

आता पुढे काय. माझ्यासारखे दिवाळखोरीची कामं करणारे वकील मोठ्या फर्ममधून निघाले की बरेचसे बँकेच्या बुडीत कर्जांच्या विभागात जातात, नाहीतर ती कर्जं विकत घेणाऱ्या कंपन्यांत. पगार चांगला, रविवार आपला. मलाही विचारणा झाली होती. पण पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की सनद स्थगित करावी लागते, बार कौन्सिलचा तसा नियम आहे. सनद मिळाली तेव्हा बाबांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. ती बाजूला ठेवायला माझं मन घेईना.

म्हणून मी कफ परेडच्या एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांची प्रकरणं चालतात त्या न्यायाधिकरणात, स्वतःच्या नावाने उभी राहणार आहे. आणि सोबत रेझोल्यूशन प्रोफेशनल म्हणून काम घेणार, म्हणजे आरपी. त्यासाठी वकिलीची 10 वर्षं लागतात, ती झालीत. परीक्षा पास झाले, 50 तासांचा अभ्यासक्रम झाला, दिवाळखोरी मंडळाची नोंदणीही आली. बाबा, यात उत्पन्नाला काही आधारच नाही असं समजू नका. 1 ऑक्टोबर 2022 पासूनच्या नेमणुकांना किमान फी ठरलेली आहे, 50 कोटींपर्यंतचे दावे असलेल्या कंपनीचं काम असेल तर आरपीला महिन्याला 1 लाख. ती दर महिन्याला वेळेवर हातात पडेलच असं नाही, हेही सांगून ठेवते. म्हणून तर वर्षभराची तजवीज आधी केली.

एखाद्या कंपनीचं प्रकरण 2016 च्या दिवाळखोरी संहितेखाली दाखल करून घेतलं गेलं की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि कारभार आरपीच्या हातात येतो. कंपनी चालू ठेवायची, सगळ्यांचे दावे गोळा करायचे, नवा मालक शोधायचा, योजना धनकोंच्या समितीपुढे मांडायची. 66 टक्के मतं मिळाली तर ती न्यायाधिकरणाकडे जाते. ताणून 330 दिवसांत हे आटपावं असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळदा जास्त लागतात. जेट एअरवेजचं बाबा पेपरात वाचत होते, 2019 ला सुरू झालं आणि 2024 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने लिक्विडेशनला लावलं, म्हणजे कंपनी मोडून मालमत्ता विकायला. तरी तुमच्या वेळच्या बीआयएफआरपेक्षा, म्हणजे आजारी कंपन्यांच्या त्या जुन्या मंडळापेक्षा, हे पुष्कळ बरं. तिथे आधी कंपनीची सगळी पुंजी बुडायची, मग कुठे तिला आजारी म्हणायचे.

फर्ममध्ये मी बहुतेक वेळा बँकांच्या नाहीतर खरेदीदारांच्या बाजूने असायचे. कामगारांची थकबाकी आमच्यासमोर यायची ती तक्त्यातली एक ओळ म्हणून. ती ओळ दिसली की मला बाबांची निळी फाईल दिसायची. तुम्ही मिलची प्रत्येक पगारपावती जपलीत. शेजारच्या काकांनी नाही जपली, आणि मग काय झालं ते आपण तिघांनी पाहिलंय. आज कामगाराकडे कागद नसला तरी त्याचा हिशोब कंपनीच्या दप्तरात असतो आणि ते दप्तर आरपीच्या ताब्यात असतं. ते नीट उघडून बघणारं माणूस त्या खुर्चीत हवं. पीएफचे पैसे लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरायचे नसतात, आधीच्या 24 महिन्यांची मजुरी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने द्यायची असते. हे कायद्यात आहे. मला ते माणसांच्या हातात पडताना बघायचंय.

हे मी तुमच्यावरचं ओझं म्हणून करत नाहीये, बाबा. मिलचं तुम्ही कधीच आमच्या अंगावर येऊ दिलं नाहीत. आई विड्या वळायला बसायची, मांडीवर सूप असायचं, म्हणून मी तिच्या पाठीला टेकून अभ्यास करायचे आणि तशीच झोपायचे. मला तेव्हा कमी पडलं असं काही आठवतच नाही. आजही कामात अडकले की ती पाठ हवीशी वाटते गं, आई.

आता ऐका. पाणी येईल त्या दिवशी बाबांनी बादल्या गच्चीवर चढवायच्या नाहीत. मोटर दुरुस्त करून घ्या, पैसे मी पाठवलेत. साखर दोघांनीही तपासायची, जेवणाआधी आणि जेवणानंतर. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणला नव्हता. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख दिवाळीनंतरची घ्या, मी आठवडाभर येऊन राहीन. आता रजा कुणाकडे मागायची नाही. आत्याला मीच सांगेन. तिने आधी विचारलं तर "वकिलीच करतेय, स्वतःची" एवढं म्हणा.

पॉलिसीचे कागद कुरिअरने येतील. पेन्सिलने खूण केली आहे तिथेच सह्या करा आणि झेरॉक्स काढून निळ्या फाईलशेजारी ठेवा. मूळ प्रत मला परत पाठवायची.

तुमची,
बबी