न वाचलेली पुस्तकं

प्रिय आई-बाबा,

कॉलेजच्या पुस्तकांचा खोका शेवटी उघडला. बाबा, तुम्ही तेव्हा विचारायचात ना, एवढी पुस्तकं आणतेस ती वाचतेस का, आणि मी हो हो म्हणायचे... तर नव्हते वाचत. आता सांगायला हरकत नाही.

इंग्लिशच्या सरांनी 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल', म्हणजे इंग्लिश कसं लिहावं ते सांगणारं पुस्तक, घ्यायला लावलेलं आणि बायोच्या मॅडमनी 'सायलेंट स्प्रिंग', दोन्हीचा एकमेकांशी काय संबंध असंच मला वाटायचं. पहिलं तर एवढंसं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या स्ट्रंक सरांनी 1918 मधे वर्गातल्या मुलांसाठी काढलेलं, मग 1959 ला त्यांच्याच एका विद्यार्थ्याने, व्हाइटने, वाढवून परत आणलं. नको ते शब्द काढा, मुख्य सांगणं एवढंच. हे काय शिकवायचं असतं का, असं वाटलेलं, पण ऑफिसात माझे रिपोर्ट लाल होऊन परत यायला लागले तेव्हा कळलं.

आणि मग परवा रेचल कार्सनचं 'सायलेंट स्प्रिंग' वाचायला घेतलं. 1962 चं पुस्तक, डीडीटीसारख्या कीटकनाशकांवर. बाई मुळात समुद्री जीवशास्त्रातल्या, सरकारी खात्यात दुसऱ्यांचं लिखाण एडिट करायच्या, ते जाणवतं हो. एल्मच्या झाडांवर औषध फवारलं, पानं गळली, ती गांडुळांनी खाल्ली, गांडुळं रॉबिन पक्ष्यांनी खाल्ली आणि रॉबिन मेले. बस, असं एकामागून एक सांगत जातात, कुठे आरडाओरडा नाही, आणि आपल्या अंगावर काटा येतो. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली 1972 ला, बाई 1964 लाच गेल्या होत्या.

खोक्यातलं तिसरं, थोरो या अमेरिकन लेखकाचं 'वॉल्डन' नावाच्या तळ्याकाठच्या राहण्यावरचं 'वॉल्डन', मात्र अजूनही जड जातं, मधेच उपदेश सुरू होतो त्याचा. पण एक जागा फार आवडली. लोक म्हणायचे त्या तळ्याला तळच नाही, तर या माणसाने दोरीला दगड बांधून मोजलं, 102 फूट भरलं! मॅडम आणि सर बहुतेक एकच गोष्ट सांगत होते, आधी नीट बघ आणि मग तेवढंच लिही.

आई, ते रॉबिनचं पान तुला रविवारी फोनवर वाचून दाखवते, मराठीत सांगत सांगत. बाबा, 'वॉल्डन' तुम्हाला पाठवतेय, अक्षर बारीक आहे, चष्मा लावूनच बसा. माझ्या पेन्सिलच्या खुणा पान 12 नंतर नाहीत, त्यावरून काय ते समजा.

तुमचीच,
पुस्तकं न वाचणारी