कोयता निघण्याआधी कुणीतरी मध्ये पडायला हवं

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
(प्रत : मा. महिला व बालविकास मंत्री)

महोदय, स. न. वि. वि.

पुण्याच्या कुठल्याही वर्तमानपत्राचं शहर पान उघडा. ‘रागाने पाहिल्याच्या कारणावरून वार’, ‘पूर्ववैमनस्यातून वाहनांची तोडफोड’, आणि शेवटच्या ओळीत ‘दोन विधिसंघर्षग्रस्त बालके ताब्यात’, म्हणजे गुन्ह्यात सापडलेली अल्पवयीन मुलं. दुसऱ्या दिवशी टोळीतल्या मोठ्यांची पोलीस त्याच गल्लीतून धिंड काढतात, तिचा व्हिडिओ फिरतो आणि लोक टाळ्या वाजवतात. त्यानंतर गल्लीतल्या लहान पोरांमध्ये धिंड निघालेल्याचं वजन घटतं की वाढतं, हे आपल्या अधिकाऱ्यांनी एकदा जाऊन बघावं.

मी शहरातल्या वस्त्यांमध्ये अशा मुलांसोबत समुपदेशक म्हणून काम करते. बातमीत न येणारी गोष्ट अशी की बहुतेक राडे त्या रात्री सुरू झालेले नसतात. मिरवणुकीत कुणाचा तरी धक्का लागलेला असतो, इन्स्टाग्रामवर कुणी कुणाच्या आईवरून बोललेलं असतं, चारचौघांत एकाच्या कानाखाली बसलेली असते. मग काही दिवस खुन्नस चालते. टपरीवाल्याला माहीत असतं, क्लासच्या सरांना माहीत असतं, आईला तर असतंच. या दिवसांत जायचं कुणाकडे? पोलीस चौकीत गेलं तर पोराचं नाव कायमचं तिथे लागेल, ही भीती. नगरसेवकाकडे गेलं तर तो आपल्या बाजूच्या पोरांचं ऐकणार. मग आई मुलाला गावी मामाकडे पाठवते. आपल्या राज्यातली तंटा टाळण्याची सर्वात चालणारी योजना आजघडीला हीच आहे.

कायद्यात जागा नाही असं म्हणता येणार नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे बाल न्याय मंडळ मुलाला गट समुपदेशनाला किंवा समाजसेवेला पाठवू शकतं. अतिगंभीर किंवा मोठ्यांसोबत मिळून केलेला गुन्हा सोडला, तर अल्पवयीनावर एफआयआर न नोंदवता डायरीत नोंद करायची आणि त्याच्या घरादाराचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल मंडळाकडे पाठवायचा, असं केंद्राचे 2016 चे आदर्श नियम सांगतात. तो अहवाल अनेकदा रकाने भरण्यापुरता उरतो. वडील काय करतात, शाळा कधी सोडली, एवढं असतं. भांडण कुणाशी आणि कशावरून, हे बहुधा नसतं.

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या मोटारीच्या धडकेत दोघांचा जीव गेला, त्यानंतर त्या मुलाला जामिनाच्या अटीत 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. लोक संतापले, ते बरोबरच होतं. पण तेव्हापासून समुपदेशन म्हटलं की ‘निबंध लिहून घ्या’ अशी थट्टा होते, म्हणून खरं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. मध्यस्थ दोन्ही मुलांना आधी वेगवेगळं भेटतो. घाई केली तर घात होतो. कुणाला समोरासमोर बसायचं नसेल, तर जबरदस्ती नाही. बसलेच, तर ‘सॉरी म्हण, हात मिळव’ असलं नाटक करायचं नाही. ज्याला लागलं त्याने काय लागलं ते सांगायचं, फुटलेल्या रिक्षाच्या काचेचे पैसे कोण, कधी देणार ते लिहायचं आणि महिन्याभराने पुन्हा भेटून विचारायचं. राग आवरण्याचा सराव वेगळा, तो गटात होतो. डोकं फिरण्याआधी अंगात काय होतं ते मुलं ओळखायला शिकतात : कान तापतात, मुठी वळतात. त्या क्षणी मित्रांसमोर कमीपणा न येता तिथून निघायचं कसं, हे करून बघावं लागतं. व्याख्यानाने ते येत नाही. शाळेत वर्षातून एकदा होणारं ‘ताणतणाव मार्गदर्शन’ कृपया यात मोजू नका.

मध्यस्थी या राज्याला नवी नाही. 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते, म्हणजे आपल्याच खात्याचं हे काम. बांधाची, वाटणीची भांडणं गावात मिटू लागली. तिच्यातला धोकाही दिसला : भांडणं मिटवणाऱ्या गावच्या समितीत वजनदार माणसं बसली की दुबळ्याला ‘मिटवून घे’ असं सांगितलं जातं. म्हणून मला शहरात समिती नको, प्रशिक्षित आणि पगारी माणूस हवा. लैंगिक अत्याचार, ॲट्रॉसिटीची प्रकरणं, जीवघेणे हल्ले त्याच्याकडे जाताच कामा नयेत. जातपंचायतीला मागच्या दाराने आत घेण्याची सोय यातून होऊ नये.

मागणी छोटी आहे. पुण्यातली दोन पोलीस ठाणी निवडा. प्रत्येक ठाण्याच्या हद्दीत दोन मध्यस्थ नेमा, एक बाई आणि एक पुरुष. बसायची जागा ठाण्याबाहेर असू द्या, महापालिकेच्या शाळेतली संध्याकाळची रिकामी खोलीही चालेल. त्यांच्यापुढे मुलगा जे बोलेल, ते तपासात त्याच्याविरुद्ध वापरलं जाणार नाही, असा लेखी आदेश काढा. याशिवाय एकही मुलगा तोंड उघडणार नाही. गणेशोत्सवाआधी ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका होतात, तिथे मंडळांच्या अध्यक्षांसोबत या मध्यस्थांनाही बोलवा, कारण बरीचशी खुन्नस त्या दहा दिवसांतच जन्माला येते. आणि वर्षाअखेरीस किती भांडणं आली, किती मिटली, किती पुन्हा पेटली, याचे आकडे विधानसभेत ठेवा, वाईट असले तरी.

आपली,
एक समुपदेशक, पुणे