पावणेदोन भागिले अर्धा

मा. संपादक, स. न.

भावी शिक्षकांना मी अठरा वर्षे गणित अध्यापन शिकवते. दरवर्षी पहिल्याच आठवड्यात त्यांना एक काम देते: पावणेदोन भागिले अर्धा, यावर शाब्दिक उदाहरण तयार करा. साडेतीन हे उत्तर बहुतेकांना झटकन येते, कारण 'उलटा करून गुणा' पाठ असते. उदाहरण मात्र असे येते: पावणेदोन मीटर फीत दोघांत सारखी वाटली. हा तर दोनने भागाकार झाला!

मग मी फीत आणि कात्री देते. अर्ध्या मीटरचे तीन तुकडे निघतात, पाव मीटर उरते. इथे वर्गात वाद पेटतो. उत्तर सव्वातीन की साडेतीन? उरलेली फीत मीटरचा पाव आहे, पण तुकड्याचा अर्धा. आपण मीटर नव्हे, तुकडे मोजतोय, हे उमगायला कधी पूर्ण तास लागतो. तो तास मी कधीच वाया गेला असे मानत नाही. एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, गणितात पैकीच्या पैकी गुण होते, पण भागाकार म्हणजे काय हे आज कळलं." यात तिचा दोष नाही.

विषय येणे आणि तो शिकवण्याजोगा येणे यांतला फरक अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्येच मांडला. तरी आमच्या परीक्षेत अध्यापन पद्धतींच्या व्याख्याच विचारतात. माझी कळकळीची विनंती आहे, निदान एक प्रश्न असा असावा: मूल ०.१२ ला ०.८ पेक्षा मोठे म्हणते, कारण बारा आठपेक्षा मोठे. त्याला तुम्ही पुढे काय विचाराल?

– एक गणित अध्यापिका