दादा, तुमचं भाडं बाकी आहे

आठवड्यातून तीनदा डायलिसिस करणाऱ्याने शहाळं पिऊ नये, हे मला ६ वर्षांपासून पाठ आहे. तरी मेच्या सोलापुरी उन्हात सात रस्ता चौकाजवळ दोन शहाळी रिचवली. वर सोमवारची पाळीही चुकवलेली. चूक सर्वस्वी माझी.

रात्री पायच उचलेनात. रिक्षावाले दादा, तुम्ही मला पाठुंगळी घेऊन तीन मजले उतरवलंत आणि भाडं न घेताच गेलात.

ईसीजीची पट्टी बघताच डॉक्टरबाईंनी रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. रक्तातलं पोटॅशियम नंतर कळलं: ७.४. शहाळ्यात ते भरपूर असतं, आणि डायलिसिस चुकलं की अंगात साचतं. पाचाच्या आसपास थांबायला हवं ते. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज. "यांना शुगर नाही, मग इन्सुलिन कशाला?" हिने विचारलं. त्या धावपळीतही बाईंनी समजावलं, "पोटॅशियम पेशींत ढकलायला." आणि सिस्टर, "फिस्टुलाचा हात आहे, इथे सुई नको," हे तुम्ही ओरडलात म्हणून माझा डावा हात, डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेला, वाचला. पहाटे ३ वाजता झोपेतून उठून मशीन लावायला आलेल्या टेक्निशियनदादांचेही मनापासून आभार.

बाहेर बाकावर एक तेलुगू मावशी होत्या. त्यांचा स्वतःचा मुलगा आत होता. हिला तेलुगू येत नाही, त्यांना मराठी जेमतेम. तरी रात्रभर हिचा हात धरून बसल्या. मावशी, मुलगा बरा आहे ना?

दादा, सोम-बुध-शुक्र सकाळी मी सात रस्त्यावरूनच जातो. दिसलो तर हाक मारा.